शालेय अभ्यासक्रम : अर्थ आणि अंगे
(ज्ञातिमंडळाच्या तळेगाव दाभाडे येथील वार्षिक मेळाव्यात दिलेले भाषण)



संतशिरोमणी नामदेव महाराजांच्या चरणी मस्तक ठेवून आम्ही बोलण्यास आरंभ करतो. आज सकाळपासून ह्या व्यासपीठावर आपल्या मुलामुलींचा गौरव झाला. दहावीस इतके टक्के, बारावीस तितके टक्के असा नामनिर्देश होत होता, टाळ्या पडत होत्या, आणि मागे बसलेल्या आयांचे डोळे पाणावत होते. आम्हांसही आनंद झाला. तो लपविण्याचे कारण नाही. परंतु बक्षिसे देताना एक प्रश्न मनात सारखा येत होता, तो हा की, हे टक्के म्हणजे एक माप आहे, पण ते माप कोणत्या वस्तूचे? चिटणिसांनी आम्हांस नेमून दिलेला विषय 'शालेय अभ्यासक्रमाचा अर्थ आणि त्याची अंगे' हा आहे. विषय रुक्ष आहे आणि पलीकडे पाने मांडल्याचा आवाज येत आहे, ह्याची आम्हांस जाणीव आहे. शिवाय आम्ही कोणी पदवीधर शिक्षणतज्ज्ञ नव्हे. १९७५ साली आपल्या राज्यात जुन्या अकरावीची शेवटची आणि नव्या दहावीची पहिली अशा दोन्ही परीक्षा झाल्या. त्यांतील अकरावीच्या तुकडीतले आम्ही. म्हणजे मॅट्रिक म्हणवून घेणाऱ्यांच्या पंगतीत अगदी शेवटच्या पाटावर बसलेले. पुढे अध्यापनाची पदविका घेतली आणि सारा जन्म प्राथमिक शाळेत गेला. तेव्हा जे सांगावयाचे ते फळ्याजवळ उभे राहून जे दिसले तेवढेच सांगू.

पालकांस आम्ही पुष्कळदा विचारीत असू, 'तुमच्या मुलाचा अभ्यासक्रम काय आहे?' उत्तरादाखल ते दप्तर उघडून पुस्तकांचा गठ्ठा पुढे करीत. पुस्तक म्हणजे अभ्यासक्रम नव्हे. १९६७ साली पुण्यास 'बालभारती' स्थापन झाली आणि राज्यातील मुलांच्या हाती सारखी पुस्तके आली, ही गोष्ट मोठ्या उपकाराची झाली. परंतु त्यामुळे पुस्तकालाच सर्वस्व मानण्याची सवयही आपणांस जडली. पुस्तकाच्या आधी पाठ्यक्रम असतो. अमुक इयत्तेत अमुक विषयाचे कोणते घटक शिकवावयाचे, त्यांची ती यादी. आणि त्या यादीच्याही आधी, व तिच्याहून पुष्कळ मोठा, असा अभ्यासक्रम असतो. १९५२-५३ च्या मुदलियार आयोगाने त्याचा अर्थ फार व्यापक केला. वर्गात, ग्रंथालयात, प्रयोगशाळेत, कार्यशाळेत, क्रीडांगणावर आणि गुरुशिष्यांच्या सहज बोलण्यातून मुलास जे जे अनुभव शाळेत मिळतात ते सारे मिळून अभ्यासक्रम होतो, असा त्या म्हणण्याचा आशय आहे.

हे सारे आपल्या धंद्याच्या भाषेत सांगितले तर अधिक लवकर उमगेल. दुकानात गिऱ्हाईक येते. जाणता शिंपी एकदम कात्री उचलीत नाही. कपडा कोणाला हवा, कशासाठी हवा, लग्नात मिरवावयाचा की शेतावर राबताना घालावयाचा, अंगात येणारे मूल वाढीचे आहे काय, हे तो आधी विचारतो. हे झाले उद्दिष्ट. मग कापड पाहावयाचे, त्याचा पोत, त्याचा पन्हा. हा झाला आशय, म्हणजे शिकविण्याचा मजकूर. त्यानंतर बेतणे, कातरणे, धावदोरा घालणे, टीप मारणे. कशानंतर काय करावयाचे ह्याचा क्रम ठरलेला आहे आणि तो मोडला की कपडा बिघडतो. शाळेत ह्याला अध्ययनाचे अनुभव आणि त्यांची रचना म्हणतात. सरतेशेवटी कपडा अंगावर घालून पाहावयाचा, ते मूल्यमापन. अमेरिकेतील राल्फ टायलर ह्या पंडितांनी १९४९ साली एका छोट्या पुस्तकात अभ्यासक्रम रचणाऱ्याने स्वतःस विचारावयाचे चार प्रश्न मांडले. कशासाठी शिकवावयाचे, त्यासाठी कोणते अनुभव द्यावयाचे, ते कोणत्या क्रमाने गुंफावयाचे, आणि हेतू सफळ झाला की नाही हे कसे ओळखावयाचे. प्रशिक्षणवर्गात हे प्रश्न आम्ही प्रथम ऐकले तेव्हा आम्हांस हसू आले, कारण आमचे वडील हेच चार प्रश्न दुकानाच्या ओट्यावर बसून रोज विचारीत असत.

पण एक भेद मोठा आहे. अंगरखा बगलेत ओढू लागला तर शिंपी गिऱ्हाइकास 'तुझी बगल नापास' असे म्हणत नाही; तो शिवण उसवतो. शाळेत मात्र कपडा बसला नाही की अंगालाच दोष दिला जातो.

अभ्यासक्रमात काय असावे, हा प्रश्न नवा नाही. जुन्या पंतोजींच्या शाळेत मोडी वाचन, लेखन आणि पाढे असत. पाढे म्हणजे केवळ दोन ते तीस नव्हेत, तर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी. रोकड आणि खतावणी सांभाळणाऱ्याला जे लागे ते तेथे होते. बेत आखूड होता, पण कशासाठी बेतला आहे हे शिकविणाऱ्यास आणि शिकणाऱ्यास दोघांसही ठाऊक होते. पुढे इंग्रजी अमदानीत कचेरीला कारकून हवे होते आणि शिक्षणाचा बेत त्या अंगाने कातरला गेला. तेव्हा महात्मा जोतीराव फुले ह्यांनी १९ ऑक्टोबर १८८२ रोजी हंटर आयोगापुढे जे निवेदन ठेवले, ते प्रत्येक शिक्षकाने एकदा तरी वाचावे अशी आमची विनंती आहे. प्राथमिक शाळेत मोडी व बालबोध वाचन-लेखन, हिशेब, इतिहास, भूगोल आणि व्याकरण ह्यांची तोंडओळख तर असावीच, परंतु त्याबरोबर शेतीचे प्राथमिक ज्ञान, नीतीचे आणि आरोग्याचे काही धडे असावेत, अशी त्यांची मागणी होती. किमान बारा वर्षांच्या वयापर्यंत शिक्षण सक्तीचे करावे असेही त्यांनी सुचविले. खेड्यातील मुलाच्या हाताला जे काम आहे ते शाळेच्या आत यावे, ही गोष्ट त्यांनी सरकारच्या तोंडावर सांगितली, ह्यास एकशेचाळीस वर्षांहून अधिक काळ लोटला.

आता आपल्या तळेगावाकडे वळू. बाहेरून आलेल्या पाहुण्यांस तळेगाव म्हणजे सरसेनापती दाभाड्यांचे गाव एवढे ठाऊक असते. नव्या पिढीस ते कारखान्यांचे गाव म्हणून ठाऊक आहे. परंतु शिक्षणाच्या इतिहासात ह्या गावाचे नाव एका वेगळ्याच कारणाने लिहिले गेले आहे. प्राध्यापक विष्णु गोविंद विजापूरकर हे कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात शिकविणारे विद्वान गृहस्थ. त्यांच्या खटपटीने १९०६ च्या सुमारास समर्थ विद्यालय उभे राहिले आणि तळेगावी नावारूपास आले. सरकारी शाळेत जो बेत कातरला जाई तो आपल्या मुलांच्या अंगास बसत नाही, तेव्हा बेत आपणच घालावयाचा, हा त्यामागचा विचार. त्याच साली कलकत्त्याच्या काँग्रेसने राष्ट्रीय शिक्षणाचा ठराव केला होता. पुढे १९०८ साली लोकमान्य टिळकांनी बार्शीच्या व्याख्यानात राष्ट्रीय शिक्षणाची अंगे सांगितली ती चार : धर्मशिक्षण, परकी भाषेचे ओझे हलके करणे, उद्योगशिक्षण आणि राजकीय शिक्षण. अभ्यासक्रमाची अंगे मराठी माणसाने इतक्या थोडक्यात आणि इतक्या स्पष्ट शब्दांत क्वचितच सांगितली असतील. स्त्रीशिक्षणासंबंधी लोकमान्यांची जी मते होती ती आम्हांस पटत नाहीत, हेही ह्या सभेत, जेथे निम्म्याहून अधिक बक्षिसे मुलींनी नेली तेथे, सांगितले पाहिजे. तथापि फुले आणि टिळक, ज्यांचे अनेक प्रश्नांवर मुळीच जुळले नाही, त्या दोघांनीही हाताच्या कामाला अभ्यासक्रमात जागा मागितली, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

त्याच १९०८ साली तळेगावात पैसा फंडाचा काच कारखाना निघाला. अंताजी दामोदर काळे ह्यांनी माणशी एक पैसा मागून तो फंड उभा केला, आणि परदेशात काचविद्या शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय ह्यांनी कारखान्याची मांडणी केली. काच विकून नफा मिळविणे एवढाच त्याचा हेतू नव्हता. देशातील मुलांस ते काम शिकविणे हाही होता. विचार करा, एका लहान गावात एकीकडे शाळा आणि दुसरीकडे शिकविणारी भट्टी. हा योग टिकला नाही. 'विश्ववृत्त' मासिकातील एका लेखाबद्दल संपादक म्हणून विजापूरकरांस तुरुंगवास घडला आणि १९१० साली सरकारने समर्थ विद्यालय बंद पाडले. शाळेतील पुस्तकांना सरकार भ्याले असे आम्हांस वाटत नाही. ते त्या बेतास भ्याले. पुढे 'नवीन समर्थ विद्यालय' ह्या नावाने ती ज्योत पुन्हा पेटली. आपल्या ज्ञातीतील कितीतरी मुले त्या वाटेने गेली असतील.

येथे कोणी म्हणेल की, गुरुजी, उद्योगशिक्षण आता ठायी ठायी आहे. चाकण आणि तळेगावच्या कारखान्यांत मुलांस कामे मिळतात, तेव्हा शाळेने त्या कारखान्यांना लागेल तेवढे शिकवावे म्हणजे झाले. हे बोलणे वरवर शहाणपणाचे वाटते. पण २००८ साली ह्याच तळेगावात जनरल मोटर्सचा मोटारींचा कारखाना सुरू झाला, तेव्हा जे मूल पहिलीत बसले ते २०२० साली बारावी झाले, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात त्या कारखान्यातील उत्पादन थांबले. पुढे ती जागा दुसऱ्या कंपनीने घेतली, हे खरे. परंतु जो अभ्यासक्रम एका कारखान्याच्या मापाने कातरावा, तो मुलाचे शिक्षण पुरे होण्याच्या आतच आखूड पडावा, हे आपण डोळ्यांदेखत पाहिले. फुल्यांच्या किंवा विजापूरकरांच्या मनात असलेले हाताचे काम ते हे नव्हे. नोकरीसाठी हात तयार करणे निराळे आणि हातांकडून डोक्याला शिकविणे निराळे.

हे निराळेपण आम्हांस फार उशिरा कळले. ते कसे कळले हे सांगितल्यावाचून आजचे भाषण प्रामाणिक होणार नाही.

आमच्या नोकरीच्या काळात प्राथमिक शाळेचा अभ्यासक्रम चार वेळा बदलला. १९८८, १९९५, २००४ आणि २०१२. प्रत्येक खेपेस प्रशिक्षण झाले, जाडजूड हस्तपुस्तिका मिळाल्या. क्षमता आल्या, मग ज्ञानरचनावाद आला. कागदावर बेत उत्तरोत्तर चांगला होत गेला, हे आम्ही मान्य करतो. परंतु दरवर्षी आमच्या शाळेची पारख होई ती शिष्यवृत्ती परीक्षेत किती मुले आली ह्यावरून. वेळापत्रकात कार्यानुभवाच्या तासिका होत्या. सातवीच्या वर्गाच्या त्या तासिका आम्ही कित्येक वर्षे गणिताच्या सरावासाठी घेतल्या. कोणी तक्रार केली नाही. उलट गावाने आमचा सत्कार केला. आजच्यासारखाच, शाल आणि श्रीफळ देऊन.

त्या वर्गात आपल्याच ज्ञातीतील एक मुलगा होता. गाव मावळातले, नाव सांगत नाही. वडिलांचे यंत्र आठवड्याच्या बाजारात झाडाखाली मांडलेले असे आणि हा मुलगा काजे करण्यास बसे. गणितात कच्चा. व्यस्त प्रमाणाचे उदाहरण घातले की पाटीवर रेघोट्या ओढीत राही. 'इतके मजूर, इतके दिवस' ही गोष्ट त्याला कधीच सुटली नाही. आम्ही त्याला रागे भरलो; एकदोनदा सर्व वर्गादेखत असेही म्हणालो की, यंत्रावर बसणे सोड, नाहीतर जन्मभर तेथेच बसशील. सातवीनंतर त्याने शाळा सोडली.

निवृत्तीच्या समारंभासाठी आम्हांस सदरा शिवावयाचा होता. योगायोगाने त्याच्याच दुकानात गेलो. त्याने ओळखले, खुर्ची दिली, चहा मागविला. कापड पाहून तो म्हणाला, 'गुरुजी, हे छत्तीस इंची पन्ह्याचं आहे, अडीच मीटर लागेल. अठ्ठावन्न इंची पन्ह्याचं घेतलंत तर एक मीटर साठात भागेल.' आम्ही स्तब्ध झालो. पन्हा वाढला की लांबी घटते, आणि किती घटते, हे त्याने कागदाला पेन्सिल न लावता सांगितले. तेच ते व्यस्त प्रमाण. घरी येऊन आम्ही मांडून पाहिले तर एक मीटर पंचावन्न येते. वरचे पाच शिवणीचे आणि शहाणपणाचे. हे उदाहरण त्याच्या घरात रोज सुटत होते, आणि आम्ही त्यास मजूर आणि दिवस घालीत बसलो होतो.

पण आम्हांस खरी टोचणी लागली ती पुढच्या बोलण्याने. दुकानात त्याची नऊ-दहा वर्षांची मुलगी गृहपाठ करीत बसली होती. तिने यंत्राचे चाक सहज फिरवले तसा तो तिच्यावर ओरडला. मग ओशाळून आम्हांस म्हणाला, 'हिला मशीनला हात लावू देत नाही, गुरुजी. गणित कच्चं राहतं. तुम्हीच सांगितलं होतं.'

बंधुभगिनींनो, हे आम्ही कोणत्याही पाठाच्या टाचणात लिहिले नव्हते. पाठ्यक्रमात हे नव्हते, पुस्तकात नव्हते, त्यावर परीक्षा झाली नव्हती. तरीही आमच्या सात वर्षांच्या शिकवण्यातून तो मुलगा जी एक गोष्ट पक्की शिकून गेला, ती हीच. फिलिप जॅक्सन ह्या अमेरिकन अभ्यासकांनी १९६८ साली वर्गातील जीवनावर जो ग्रंथ लिहिला त्यात अशा न लिहिलेल्या अभ्यासक्रमाचा विचार मांडला आहे. तो विचार आम्हांस पुष्कळ वर्षे ऐकून ठाऊक होता. त्याचा अर्थ त्या दुकानात कळला. अभ्यासक्रमाची अंगे मोजताना उद्दिष्ट, आशय, अनुभव आणि मूल्यमापन अशी चार नावे आपण घेतली. पाचवे नाव घ्यावयाचे तर शिक्षकाच्या, आईबापांच्या आणि समाजाच्या तोंडून मुलाच्या कानांवर जे सहज पडते त्याचे घ्यावे लागेल. दरवर्षी ह्या व्यासपीठावरून आपण ज्यांची नावे पुकारतो आणि ज्यांची पुकारीत नाही, तोही त्यातलाच एक धडा आहे.

म्हणून मंडळापुढे आमच्या दोन सूचना आहेत. कार्यकारी सभासदांनी त्यांचा विचार करावा.

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात असे म्हटले आहे की, मुलांनी सहावी ते आठवीच्या काळात केव्हातरी दहा दिवस दप्तराविना गावातील कारागिरांजवळ जाऊन काम पाहावे आणि करावे. सुतार, माळी, कुंभार असे नामोल्लेखही त्यात आहेत. शिंप्याचा नाही, पण तेवढ्यावरून रुसण्याचे कारण नाही. शाळांना ह्या दहा दिवसांसाठी कारागीर हवे आहेत आणि ते सहजी सापडत नाहीत. आपल्या मंडळाने तळेगाव, वडगाव आणि आसपासच्या शाळांस पत्रे पाठवावीत की, आम्ही आपणांस हाताने बेतणारी जाणती माणसे देऊ. अशी माणसे आपल्यात अजून आहेत, पण त्यांतील बहुतेक सत्तरीच्या पुढे गेली आहेत. तयार कपड्यांच्या काळात त्यांची मुले त्या ओट्यावर बसली नाहीत; त्याबद्दल आम्ही त्यांस दोष देत नाही, आमचीही मुले बसली नाहीत. परंतु मुलाने तो धंदा करावा म्हणून हे शिकवावयाचे नाही. वाकडातिकडा अवयव सपाट कापडावर कसा उतरवावा, तुकडा वाया जाऊ न देता कात्री कशी फिरवावी आणि एकदा कापलेले जुळत नाही म्हणून कापण्याआधी दोनदा का मोजावे, हे ज्याच्या हाताला कळले त्याच्या भूमितीला निराळीच धार येते. जुने कारागीर गजाचे चोवीस तसू सांगतील, मुले मीटरचे शंभर सेंटीमीटर सांगतील. त्यातून जो हिशेब निघेल तो कोणत्याही सरावसंचात मिळणार नाही.

दुसरी सूचना बक्षिसांसंबंधी. टक्क्यांची बक्षिसे बंद करावीत असे आमचे म्हणणे नाही. ज्याने कष्ट केले त्यास शाबासकी मिळालीच पाहिजे. परंतु पुढच्या वर्षी निदान एक बक्षीस असे ठेवावे की, ज्याला आपल्या हाताने केलेली वस्तू आणावी लागेल आणि ती कशी केली हे चार लोकांसमोर उभे राहून सांगावे लागेल. मग ती वस्तू शिवलेली असो, सुतारकामाची असो, की विजेच्या तारा जोडून केलेली असो. परीक्षकांत एक गणिताचा शिक्षक असावा आणि एक कारागीर असावा, आणि दोघांचे गुण सारखे धरावेत. त्या बक्षिसाचा पहिल्या वर्षाचा खर्च आम्ही आमच्या निवृत्तिवेतनातून देऊ. चिटणिसांनी तशी नोंद करून घ्यावी.

दुकानातील त्या गृहस्थास आम्ही आजच्या मेळाव्याचे निमंत्रण दिले होते. लग्नसराईचे कपडे देणे बाकी असल्याने त्यास येता आले नाही. परंतु पुढच्या रविवारी आम्ही त्याच्याकडे जाणार आहोत. मुलीच्या गणिताच्या वहीत पन्ह्याचे ते उदाहरण आम्हांस घालावयाचे आहे, आणि ते सोडविण्यासाठी तिच्या बापाने तिला कापडाचा ठाण उलगडू द्यावा, अशी त्यास गळ घालावयाची आहे. तो ऐकेल की नाही हे सांगता येत नाही. आमचेच पूर्वीचे शब्द आमच्या आड येणार आहेत.

 पाने मांडून झाली आहेत असे चिटणीस खुणावीत आहेत, तेव्हा येथेच रजा घेतो.